भोंगा, पेटी आणि फुकटचे प्लगइन : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

संहिता हातात आली, संगीत मी करायचं. एकांकिका १९८२च्या गिरणी संपावर, सगळं घडतं परळच्या एका चाळीत. संगीतासाठी पैसे नाहीत हे दिग्दर्शकाने संहिता देण्याआधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे वाद नको. त्याला हवंय ते असं: पहाटेचा भोंगा, साचाखात्याचा, म्हणजे मागांचा, खडखडाट, चाळीच्या भजनी मंडळाची पेटी आणि ढोलकी, नायिकेच्या ओवीमागे "काहीतरी हवेसारखं", आणि शेवटच्या प्रवेशात, जो काही वर्षांनी घडतो, वरातीतल्या कीबोर्डचा आवाज.

माझ्याकडे आठ जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप आणि दोन सप्तकांचा मिडी कीबोर्ड (स्वतः वाजत नाही, सॉफ्टवेअरला सूर सांगतो) आहे. मित्राचा ऑडिओ इंटरफेस आणि कंडेन्सर माईक उसना मिळेल. बाकी सगळं सॉफ्टवेअरमधून काढायचं.

एक नियम आजच ठरवला. क्रॅक केलेलं काहीही नाही. ग्रुपमधल्या एकाने "माझ्याकडे सगळं आहे" म्हणून पेनड्राइव्ह पुढे केला होता. तो घेतला नाही. त्यात सज्जनपणा थोडा आणि व्यवहार जास्त. असल्या फायलींतून लॅपटॉपवर काय चढून बसेल याचा नेम नाही, आणि याच लॅपटॉपवर माझं ऑफिसचं काम चालतं.

११ जून

आधी "डॉ" (डीएडब्ल्यू), म्हणजे ज्यात सगळं रेकॉर्ड करायचं, रचायचं ते मुख्य सॉफ्टवेअर. एलएमएमएस पूर्ण मुक्त आहे, बीट आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं वाद्य) रचायला मजा येते, पण त्यात माईकवरून थेट रेकॉर्डिंग होत नाही. मला पेटी रेकॉर्ड करायची आहे, त्यामुळे ते बाद. वेव्हफॉर्म फ्री खरोखर फुकट आहे, ट्रॅकवर मर्यादा नाही. पडद्यावरची मांडणी मात्र माझ्या डोक्यात बसेना. आर्डर मुक्त स्रोताचं, भक्कम, पण तयार इन्स्टॉलर हवा असेल तर काहीतरी पैसे द्यावे लागतात.

शेवटी रीपर घेतलं. हे फुकट नाही, हे इथेच लिहून ठेवते, कारण ग्रुपमध्ये सगळे त्याला फुकटच समजतात. साठ दिवस वापरून बघता येतं, नंतर ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. वैयक्तिक लायसन्स साठ डॉलरचं, म्हणजे पाच हजारांच्या वर. दिग्दर्शकाला आजच सांगितलं की मुदत ऑगस्टमध्ये संपते, तोवर वर्गणी काढ. तो "बघू" म्हणाला. रीपर बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक तोच, ज्याने एकेकाळी विनॅम्प लिहिलं होतं. इन्स्टॉलर इतका छोटा की चहा गाळेपर्यंत उतरून झाला.

१४ जून

प्लगइन, म्हणजे रीपरच्या आत चालणारी छोटी वाद्यं आणि आवाजाची हत्यारं, शोधायला बसले की रात्र कशी जाते कळत नाही. फुकट प्लगइनांचा तुटवडा नाही, ढीग आहे. त्यामुळे शोधण्याऐवजी नाकारण्याचे निकष ठरवले.

पहिला निकष: ६४ बिटचं आणि शक्यतो व्हीएसटी३. व्हीएसटी हा प्लगइनांचा प्रकार स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली आणला, व्हीएसटी३ २००८ साली, आणि जुन्या व्हीएसटी२ची विकास-साधनं २०१८ मध्ये वाटणं बंद केलं. जुन्या फुकट प्लगइनांपैकी पुष्कळशी ३२ बिटची आहेत, कर्त्यांनी केव्हाच सोडून दिलेली. रीपर ती वेगळ्या पुलावरून चालवतं, पण चालू प्रयोगाच्या फायलीत मला असा पूल नको.

दुसरा निकष: कर्ता कोण ते कळायला हवं आणि फाइल त्याच्याच साइटवरून घ्यायला हवी. तिसरा: एका वाद्यासाठी वेगळं खातं, वेगळा डाउनलोड मॅनेजर आणि आठवड्याला ईमेल, एवढा पसारा मागणारं प्लगइन नाही. या तिसऱ्या निकषाने काही फार गोड व्हायोलिन गेली. एकांकिकेत व्हायोलिन नाहीच, त्यामुळे दुःख आवरलं.

उरलं ते असं. सिंथसाठी सर्ज एक्सटी आणि व्हायटल, वरातीच्या कीबोर्डसाठी डेक्स्ड. स्वतः टिपलेले आवाजाचे तुकडे, म्हणजे नमुने, वाजवायला प्लोगचं सफोर्झांडो. इक्वलायझरला टीडीआर नोव्हा, आवाज घुमवायला व्हॅल्हाला सुपरमॅसिव्ह, आवाजाचा आलेख बघायला व्हॉक्सेंगो स्पॅन. यादी एवढीच. यापुढे प्रयोग होईपर्यंत नवं काही उतरवायचं नाही, असं स्वतःला बजावलं आहे.

१५ जून

कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज उशिरा येत होता. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर हे होणारच. इंटरफेस अजून हाती नाही, तोवर एएसआयओ४ऑल हा फुकटचा ड्रायव्हर टाकला. बफर (आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्याने पुढे जातो तो) २५६ सॅम्पल, ४४.१ किलोहर्ट्झला म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत. येण्या-जाण्याचं धरून थोडं जास्त. हाताला आता खटकत नाही. १२८ वर गेले की व्हायटल तडतडायला लागतं.

१९ जून

भोंगा. आज खरं काम सुरू झालं.

आधी व्हायटल आणि सर्ज दोन्हीत करून बघितला. व्हायटल २०२० चं, दिसायला देखणं, प्रत्येक लाट पडद्यावर हलताना दिसते. फुकट आवृत्तीत प्रीसेट कमी मिळतात, सिंथचं इंजिन मात्र पूर्ण तेच. सर्ज मुळात पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. कर्त्याने २०१८ साली त्याचा स्रोत खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवक ते वाढवत आहेत. त्याचं रूप दफ्तरी आहे, बटणं बारीक, पण माझ्या लॅपटॉपवर ते व्हायटलपेक्षा बरंच हलकं चालतं. भोंग्यासाठी सर्ज घेतलं.

कृती: दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे), करवती लाट, एकमेकांपासून किंचित हललेले. तिसऱ्यात नॉइज, वाफेच्या फुसफुशीसाठी. पिचला (सुराच्या उंचीला) एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार चढउतार: खालून सुरू, तीनेक सेकंदांत चढून स्थिर, आणि शेवटी सावकाश उतरणं. उतरतानाच तो भोंगा वाटतो. चढताना नुसता सायरन. वरचा आवाज गाळणाऱ्या लो-पास फिल्टरलाही तोच एन्व्हलप थोडा जोडला, म्हणजे दाब वाढतो तसा आवाज उघडतो. मग याच्या तीन प्रती, प्रत्येकीचा सूर वेगळा, सुरुवात एकदोन सेकंद मागेपुढे. गिरणगावात एकच भोंगा कधी वाजला नसणार. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते; एवढ्या माणसांना उठवणाऱ्या गिरण्या एका सुरात कशा ओरडतील?

दूरच्या दोन प्रतींची वरची फ्रिक्वेन्सी नोव्हाने कापली आणि सुपरमॅसिव्हमध्ये थोड्या बुडवल्या. जवळची कोरडीच ठेवली.

२२ जून

गिरगावच्या काकांना भोंगा ऐकवला. काका संपापर्यंत साचाखात्यात होते. हेडफोन लावून त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "अगं, हा पोलिसांच्या गाडीचा झाला."

मग सांगत बसले. भोंगा एवढा लवकर चढत नसे. वर गेल्यावर थरथरत नसे, घट्ट उभा राही. आणि आवाज वरचा नव्हे, जाडा, छातीत लागणारा. "पहिल्या पाळीचा भोंगा झाला की पाणी तापवायचं, दुसऱ्या भोंग्याला जिन्यात असायचं." ऐकता ऐकता मी लॅपटॉपवर सूर जवळजवळ एक सप्तक खाली आणला, व्हायब्रेटो काढून टाकला, चढणीचा वेळ दुप्पट केला. तीनचार वेळा ऐकल्यावर काका म्हणाले, "हां, हा शेजारच्या मिलचा. आमच्या मिलचा अजून जाडा." यापेक्षा चांगली पावती मिळायची नाही. फाइल बंद केली.

२८ जून

साच्यांचा आवाज. फ्रीसाउंडवर यंत्रमागाची काही रेकॉर्डिंग मिळाली. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेला हा साठा. प्रत्येक फाइलवर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लिहिलेलं असतं आणि ते वाचावंच लागतं. सीसी झिरो असेल तर काहीही करा. बीवाय असेल तर नाव द्यायचं. एनसी असेल तर व्यापारी वापर नाही. आमच्या प्रयोगाला पुढे तिकीट लागलं तर एनसीवाल्या फाइलचा प्रश्न उभा राहणार, म्हणून एनसी गाळूनच शोध घेतला. नाव द्यायच्या फायलींची एक वही केली. नाटकाच्या पत्रकात छापू.

मिळालेले आवाज मात्र बहुतेक नव्या, वेगवान मागांचे. धोट्याचा तो दोन्हीकडे आपटणारा ठोका त्यात नाही. मग मावशीकडचं पायाचं शिलाई मशीन, लाकडी पाटावर ठोकलेला हातोडा आणि दाराची कडी असे तीन आवाज फोनवर घेतले, रीपरमध्ये दोन ठोक्यांच्या आवर्तनात बसवले आणि पट्टी खाली ओढली. खाली ओढल्यावर शिलाई मशीनला वजन येतं. असे सहा माग किंचित वेगवेगळ्या लयीत लावले की त्यांचे ठोके आपोआप जवळ येतात, सुटतात, पुन्हा जवळ येतात. एकही ठोका हाताने सरकवावा लागला नाही.

४ जुलै

आता पेटी, आणि इथे फुकटच्या दुनियेची मर्यादा दिसते.

पियानो हवा असेल तर काय वाटेल ते मिळतं. सॅलामँडर नावाचा यामाहा सी५चा पियानो आहे, टिपलेल्या प्रत्येक सुराला दाबाच्या सोळा पातळ्या, आणि तो वाटेल तसा वापरायची मुभा. एखाद्या माणसाने असा पियानो बसून टिपावा आणि जगाला देऊन टाकावा, हे मला अजून नवल वाटतं. एकेका पाश्चात्य वाद्याचे असे डझनावारी नमुने पडले आहेत. आपल्याकडची वाद्यं शोधली तर तबल्याचे लूप, सतारीचे दोन ओरखडे आणि "बॉलिवूड" नावाची फोल्डरं. नीट टिपलेली भारतीय वाद्यं विकत मिळतात, चांगली मिळतात, पण आपल्या खात्यात पाच हजारसुद्धा "बघू"वर आहेत. हार्मोनियम म्हणून मिळाले ते परदेशी पायपेटीचे नमुने, चर्चमध्ये शोभतील असे गंभीर. चाळीतल्या भजनाच्या पेटीला जो नाकातला, घाईतला, जरा फुटका आवाज असतो तो कुठेच नाही. त्याची गरज ज्यांना आहे त्यांनीच तो टिपायला हवा, ऑस्ट्रेलियातला कोणी टिपणार नाही.

काकांच्या भजनी मंडळाची पेटी टिपायची. काकांना विचारलं. "एकादशी होऊ दे, मग ने."

६ जुलै

आषाढी एकादशी. पेटी दिवसभर कामावर.

१२ जुलै

पेटी साडेतीन सप्तकांची, दोन सुरांच्या रांगा, खर्ज आणि नर. घरी आणली नाही, काकांच्या खोलीतच टिपली. भरलेल्या भिंती, कपाटं, गाद्या, त्यामुळे खोली फार घुमत नाही. तरी खिडकीला दोन गोधड्या लावल्या. पंखा बंद, फ्रिज बंद. रात्री एक वाजून गेल्यावर सुरुवात केली, कारण त्यानंतर चर्नी रोडवरून शेवटच्या गाड्याही जाऊन होतात आणि पहाटे चारपर्यंत रूळ शांत असतात. पाऊसही थांबलेला. कुत्री थांबत नाहीत.

माईक पेटीपासून हातभर लांब, जिथून सूर बाहेर पडतो तिथे. भात्याच्या बाजूला ठेवला तर श्वासच श्वास येतो. काका भाता ओढत होते, मी पट्ट्या दाबत होते. काम एकच: भाता एकसारखा ठेवायचा आणि प्रत्येक पट्टी आठदहा सेकंद धरायची. ऐकायला सोपं. पन्नास वर्षं भजनात लयीवर भाता हलवलेल्या माणसाला बिनलयीचा भाता मारायला सांगणं म्हणजे शिक्षाच. काका मध्येच ठेक्यात जायचे आणि मग स्वतःच हसायचे.

महत्त्वाचा निर्णय: दोन्ही रांगा एकत्र टिपल्या नाहीत. खटके ओढून आधी फक्त खर्ज, मग फक्त नर. कारण दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या बारीक फरकामुळे आवाज हेलकावतो, आणि नमुना पुन्हा पुन्हा फिरवायचा झाला तर तो हेलकावा नेमका सांध्यावर तुटतो. वेगळे टिपले की प्रत्येक सूर सपाट, सांधा सहज बसतो. आणि सफोर्झांडोमध्ये दोन्ही एकदम वाजवले की हेलकावा आपोआप, खराखुरा तयार होतो.

शेवटी रिकामा भाता, पट्टी सोडल्याचा टक्, खटका ओढल्याचा आवाज हेही घेतलं. काकूंनी साडेतीनला चहा दिला. ती झोपलीच नव्हती म्हणे, "झोपू देताय कुठे?"

१६ जुलै

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कापाकापी. रीपरचं डायनॅमिक स्प्लिट लांब रेकॉर्डिंग शांततेवर तोडून देतं. मग प्रत्येक तुकड्याचं नाव बदलायचं. हे काम कंटाळवाणं, त्यावर जास्त लिहीत नाही.

सफोर्झांडो ज्या फायली वाचतं तो एसएफझेड हा प्रकार मात्र फार आवडला. वाद्य म्हणजे एक साधी मजकूर फाइल, नोटपॅडमध्ये उघडणारी. एका ओळीत लिहायचं: हा नमुना, या पट्टीपासून या पट्टीपर्यंत, मूळ सूर हा, सांधा इथून इथपर्यंत. पियानोला दर तीन पट्ट्यांआड एक नमुना घेतला तरी चालतं, मधले सूर ताणून निघतात. पेटीत तसं करून बघितलं तर ती लगेच खेळण्यातली वाटायला लागली. प्रत्येक पट्टीचा पितळी सूर वेगळा, कुणी वेळेआधी बोलतो, कुणाला घशात काहीतरी अडकलेलं. तीच तर पेटी. म्हणून प्रत्येक पट्टीला स्वतःचा नमुना. पट्टी सोडल्यावरचा टक् वेगळ्या ओळीत, "रिलीज"ला वाजणारा. भात्याचा जोर कीबोर्डच्या मॉड्युलेशन चाकावर दिला.

१९ जुलै

आज दिवसभर स्वरांच्या भांडणात गेला आणि सगळ्या प्रकल्पातला माझा आवडता दिवस हाच.

नायिका काळी चारमध्ये गाते. तिच्या ओवीमागे सर्जमध्ये एक पातळ पॅड, म्हणजे सलग धरलेल्या स्वरांचा थर, केला होता. ती आणि पॅड छान. भजनात पेटी आणि ढोलकी छान. पण एका प्रवेशात ओवी चालू असताना खालच्या मजल्यावरून पेटी येते, आणि तिथे पॅड आणि पेटी एकत्र आले की गंधारावर काहीतरी बोचत होतं.

कारण आकड्यात स्पष्ट दिसतं. पॅड मी सर्जच्या ट्यूनिंग मेनूतून शुद्ध गुणोत्तरांना लावला होता. सर्ज स्काला नावाच्या, स्वरांची गुणोत्तरं सांगणाऱ्या फायली वाचतं. त्याही साध्या मजकुराच्या. पहिल्या ओळीत वर्णन, दुसरीत स्वरांची संख्या, मग एकेका ओळीत एकेक स्वर: ९/८, ५/४, ४/३, ३/२, आणि शेवटी २/१. सा कुठल्या पट्टीवर हे दुसऱ्या, छोट्या फायलीत सांगायचं. काळी चारचा सा म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. त्याचा शुद्ध गंधार, जो तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो, २५९.५६ वर. पेटी समान अंतरांच्या सप्तकात लावलेली. तिच्या हिशेबाने तोच गंधार २६१.६३ वर. फरक दोन हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. बोचत होतं ते हेच.

याच कारणावरून आपल्याकडे पेटीवर किती राग होता. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदीच होती. डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुती वाजवणारी हार्मोनियम बनवली.

एसएफझेडमध्ये उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक पट्टीपुढे "ट्यून" लिहून सेंटमध्ये (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) सूर हलवता येतो: शुद्ध ग उणे १४, शुद्ध ध उणे १६, शुद्ध नि उणे १२, कोमल ग अधिक १६. केलं. वाजवलं. पेटी इतकी गुळगुळीत, शहाणी झाली की ओळखू येईना. काकांना फोनवर ऐकवली. "कुणाची पेटी आहे?" त्यांनी विचारलं.

सगळ्या ट्यून ओळी पुसल्या. १९८२च्या चाळीतली पेटी समान सप्तकातलीच असणार, तीही जराशी उतरलेली. बदलायचा तो पॅड. पॅडमधून गंधार काढला, फक्त सा आणि प ठेवले. पंचमाचा फरक दोनच सेंट, हेलकावा तीन सेकंदांत एखादा, तो कानाला गोडच लागतो. पेटी जिथे अजिबात नाही, त्या शेवटच्या ओवीत मात्र पॅडला शुद्ध गंधार परत दिला. नायिकेला यातलं काही सांगितलं नव्हतं. तालमीत ती म्हणाली की शेवटची ओवी गाताना आज आवाज आपोआप लागत होता.

सर्जच्या स्ट्रिंग ऑसिलेटरवर तानपुराही करून बघितला. तार छेडल्याचा भास बरा येतो, जव्हारी येत नाही. जव्हारी घोडीच्या किंचित बाकदार माथ्यामुळे आणि त्यावरच्या त्या बारीक दोऱ्यामुळे तयार होते. तार प्रत्येक हेलकाव्यात घोडीला घासत जाते. ते फिल्टरने फसवता येत नाही. तानपुरा सोडून दिला, एकांकिकेने तो मागितलाही नव्हता.

२६ जुलै

ढोलकी. वाजवणारा मित्र ऑफिस सुटल्यावर तालमीच्या खोलीत आला. प्रत्येक बोल हलका, मध्यम, जोरात, आणि प्रत्येकी चार वेळा. एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजला की यंत्र लगेच ओळखू येतं. एसएफझेडमध्ये चार नमुने पाळीपाळीने वाजवायची सोय आहे. धुमेवरचा घुमारा, तळहात सरकवून काढलेला, मात्र पट्ट्यांवर वाटता येत नाही. त्यात सूर सरकतो आणि प्रत्येक वेळी वेगळा सरकतो. म्हणून भजनी ठेका त्याच्याकडून सलग वाजवून घेतला आणि तोच वापरला. पट्ट्यांवरची ढोलकी फक्त तुटक ठोक्यांना. टाळ तर थेटच घेतले; टाळ टिपून वाद्य करण्याएवढा माझ्यात दम उरला नव्हता.

३० जुलै

वरातीचा कीबोर्ड. डेक्स्ड म्हणजे १९८३ च्या यामाहा डीएक्स७ची नक्कल, सहा ऑपरेटर, बत्तीस मांडण्या, जुन्या कार्ट्रिजच्या फायलीही तशाच उघडतात. दिग्दर्शकाला तो आवाज पहिल्याच प्रवेशात, रेडिओवर हवा होता. मी म्हटलं, अरे, संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे यंत्र तेव्हा बाजारात नव्हतं. तो म्हणाला प्रेक्षक सन शोधत बसत नाहीत. प्रेक्षकांत माझे काका असणार आहेत. शेवटच्या प्रवेशात ठेवला, मुद्दाम स्वस्त स्पीकरमधून आल्यासारखा कापून.

२ ऑगस्ट

मिक्सिंग. घरी हेडफोनवर गोड वाटणारं काहीही नाट्यगृहात तसंच येत नाही, म्हणून सगळं अधूनमधून मोनो करून ऐकलं. मोनोत सुपरमॅसिव्हचा पसारा अर्धा गळून पडतो. जिथे गळला तिथे रिव्हर्ब (घुमणं) कमी करून डिले (प्रतिध्वनी) वाढवला. स्पॅनवर पाहिलं तर भोंगा, साचे आणि ढोलकीची धुम तिघेही १०० हर्ट्झच्या आसपास गर्दी करून बसलेले. नोव्हा डायनॅमिक आहे, म्हणजे ढोलकी वाजली तेवढ्यापुरतं साच्यांचं ते क्षेत्र दबतं, नंतर परत येतं. विकतच्या इक्वलायझरकडे मी आजवर जे मागितलं असतं, ते सगळं यात निघालं.

इंटरनेटसाठी आवाज उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणा, हा सल्ला इथे लागू नाही. नाट्यगृहात नटाच्या आवाजाच्या खाली बसणं हेच मोजमाप.

१० ऑगस्ट

रविवार, नाट्यगृहात तांत्रिक तालीम. सगळे क्यू, म्हणजे प्रयोगात ठरल्या जागी वाजवायचे आवाज, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फायलींत काढले आणि मल्टिप्ले नावाच्या फुकट क्यू-प्लेयरमध्ये एकाखाली एक लावले. स्पेसबार दाबला की पुढचा क्यू. भोंगा मागच्या रांगेपर्यंत पोचला. साच्यांचा आवाज संवादावर चढत होता, तिथल्या तिथे सहा डेसिबल खाली. दिग्दर्शकाने ओवीचा पॅड चार सेकंद लवकर काढायला सांगितला, बरोबर सांगितलं.

रीपरची मुदत आज संपली. वर्गणी निघाली, लायसन्स घेतलं. सर्ज आणि डेक्स्डच्या लोकांनाही काही पाठवावं असं मी म्हटलं, त्यावर दिग्दर्शक परत "बघू". पत्रकात त्यांची नावं तरी छापून घेतली आहेत.

१७ ऑगस्ट

पेटीची एसएफझेड फाइल आणि नमुने एकत्र बांधून इंटरनेटवर ठेवायचे आहेत. जे चाळीस जणांना लागणार ते प्रत्येकाने रात्री दीडला गोधड्या लावून पुन्हा का टिपावं? मी सीसी झिरो ठरवत होते, म्हणजे घ्या आणि वापरा, नाव द्यायची गरज नाही. काकांना हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वापरू देत की. पण पेटी माझी नाही, मंडळाची आहे. मंडळाचं नाव यायला पाहिजे."

म्हणून सीसी बीवाय. नावाची अट. माहितीच्या फाइलमध्ये लिहायचा मजकूर काका मंडळाच्या चिटणिसाला विचारून, पेटी कोणत्या साली घेतली ते वहीत बघून, उद्या कळवतो म्हणालेत. तोवर झिप थांबवली आहे. ढोलकीवाल्या मित्रालाही विचारायचं आहे.